पाम बीचवर सिग्नल लागला की सायकलस्वाराने काय करावे

लाल दिव्याला थांबावे हे सायकलस्वाराला नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र थांबताना कोठे उभे राहावे, कोणता पाय खाली टेकवावा, बस शेजारी आली तर काय करावे, हिरव्याचे किती सेकंद उरले असताना चौकात शिरू नये आणि उजवीकडे वळायचे झाल्यास ते कसे साधावे, हे शिकवणारे कोणी भेटत नाही. मोटारीचा परवाना काढताना निदान एक परीक्षा तरी द्यावी लागते. सायकल आपण आठव्या वर्षी सोसायटीच्या आवारात शिकतो आणि त्याच शिदोरीवर चाळिसाव्या वर्षी नवी मुंबईतील पाम बीच रस्त्यावर उतरतो. वाशीपासून बेलापूरच्या किल्ले गावठाणापर्यंतचा हा सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता सरळ, रुंद आणि पहाटे मोकळा असतो, आणि नेमक्या याच तीन गुणांमुळे त्यावरचे चौक सायकलसाठी अवघड होऊन बसतात.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पहाटे पावणेसहाच्या सुमारास सारसोळ्याच्या सिग्नलला मी लाल दिवा पाहिला, दोन्ही बाजूंना नजर टाकली, रस्ता मोकळा दिसला आणि न थांबता पुढे निघालो. नेरुळच्या बाजूने दुधाचे क्रेट भरलेला एक टेम्पो हिरव्या दिव्यावर वळत होता आणि दुभाजकावरच्या झाडीमुळे तो मला दिसला नव्हता. चालकाने करकचून ब्रेक लावला, मागचे दोन क्रेट घसरून रस्त्यावर आले आणि मी जेमतेम हातभर अंतरावर थांबलो. शिवी येईल असे वाटले होते, पण तो खाली उतरला, क्रेट उचलले आणि एवढेच म्हणाला, "काका, हिरवा माझा होता." पुढे जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे मी त्या सकाळनंतर शिकलो.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत पायडलवर चालणारी सायकल बसत नाही. त्यामुळे तिला परवाना, नोंदणी, नंबरप्लेट किंवा विमा लागत नाही, आणि नंबरप्लेटच नसल्यामुळे चौकातल्या कॅमेऱ्यावरून निघणाऱ्या ई-चलनाचाही तिला धाक नाही. यावरून सिग्नल सायकलला लागूच नाही असा सोयीस्कर अर्थ अनेक जण काढतात आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ ने रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांना दिलेला असून, पायी चालणाऱ्यांबरोबर सायकल चालवणारेही त्या नियमनाच्या कक्षेत येतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २८१ नुसार सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने चालवणे, की त्यामुळे मनुष्याच्या जिवाला धोका पोहोचेल किंवा कोणाला इजा होण्याचा संभव निर्माण होईल, हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमात ‘मोटार’ हा शब्द नाही, हे लक्षात घ्यावे.

याहून व्यवहाराची एक गोष्ट आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. मोटारीच्या धडकेने जखमी झालेला सायकलस्वार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. परंतु त्याने सिग्नल तोडला होता हे सिद्ध झाल्यास अपघातातील त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा वाटा ठरवला जातो आणि तेवढ्या प्रमाणात भरपाईची रक्कम कापली जाते. पावती फाडली जात नाही म्हणून लाल दिवा फुकट आहे, असे समजणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सायकल मंडळींत अमेरिकेतील आयडाहो राज्याचा दाखला अधूनमधून दिला जातो. तेथे १९८२ पासून सायकलस्वाराला ‘थांबा’ या पाटीपाशी वेग कमी करून, रस्ता मोकळा असल्यास न थांबता पुढे जाण्याची मुभा आहे, आणि पुढे लाल दिव्यापाशी पूर्ण थांबून, वाट मोकळी पाहून निघण्याचीही परवानगी देण्यात आली. हा दाखला खरा असला तरी तो आयडाहोचा आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही आणि जी मुभा समोरच्या टेम्पोचालकाला ठाऊक नाही, ती पाम बीचवर वापरण्यात शहाणपण नाही.

चौक ओलांडायला किती वेळ लागतो

सिग्नलची वेळ मोटारीच्या वेगाचा विचार करून बसवलेली असते. हिरव्यानंतर साधारण तीन सेकंद पिवळा दिवा राहतो आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूची वाहने सुटण्यापूर्वी फार तर एक-दोन सेकंद चारी बाजूंना लाल असतो. आता हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ४० मीटरचा चौक ती अडीच सेकंदांच्या आत पार करते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते आणि तोच चौक ओलांडायला तिला साडेनऊ सेकंद लागतात. थांबून नव्याने निघालेल्या सायकलला, किंवा मागे कॅरिअरवर सामान लादलेल्या सायकलला, बारा-चौदा सेकंदही लागू शकतात. याचा अर्थ असा, की हिरव्याच्या अगदी शेवटच्या सेकंदाला चौकात शिरलेला सायकलस्वार कायद्याने निर्दोष असूनही आडव्या बाजूचा सिग्नल सुटतो तेव्हा चौकाच्या मधोमध सापडतो.

यासाठी मी स्वतःपुरता एक साधा नियम केला आहे. ज्या सिग्नलला उलटी मोजणी दाखवणारा आकडा आहे, तेथे रुंद रस्ता ओलांडताना आकडा एक अंकी झाला की चौकात शिरायचे नाही. नऊ दिसले की ब्रेकवर बोटे येतात. जेथे आकडा नसतो, किंवा तो महिनोन्‌महिने बंद पडलेला असतो, तेथे दुरून दिसलेला हिरवा ‘शिळा’ समजावा. तो किती वेळापासून चालू आहे हे आपल्याला माहीत नसते, म्हणून चौकाच्या आधीच वेग थोडा कमी करून, थांबता येईल अशा बेताने पुढे यावे. मागच्या मोटारीचा हॉर्न वाजेल. तो वाजू द्यावा.

पिवळ्या दिव्याबाबत गोंधळ नको. थांबरेषेच्या आधी सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबायचे. इतके जवळ आलो असू की ब्रेक दाबला तर घसरू, तरच पुढे निघून जायचे. ताशी २० किलोमीटर वेगात असताना दिवा पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. पावसाळ्यात हे अंतर आणखी महागात पडते. रिम ब्रेक असलेल्या सायकलची रिम ओली असली की पहिले एक-दोन फेरे रबर नुसते पाणी पुसत राहते आणि पकड त्यानंतर येते, म्हणून चौकाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच दोनदा दाबून रिम कोरडी करून घ्यावी. झेब्रा पट्ट्यांचा आणि थांबरेषेचा जाड पांढरा रंग ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. त्यावर चाक असताना पुढचा ब्रेक दाबू नये आणि हँडलही वळवू नये. जे काही करायचे ते रेषेच्या आधीच करावे.

कोठे आणि कसे थांबावे

सिग्नल लागलेला दिसताच, वेग असतानाच, गिअर हलका करून घ्यावा. जड गिअरमध्ये थांबलेली सायकल सिग्नल सुटल्यावर डोलत निघते आणि नेमक्या त्याच दोन सेकंदांत मागून मोटारसायकली अंगावर येतात. पायडलला बूट अडकवण्याची सोय असणाऱ्यांनी रेषेच्या वीस-पंचवीस मीटर आधी एक पाय सोडवून ठेवावा. लाल दिव्यासमोर, भर गर्दीत, अजिबात वेग नसताना आडवे पडण्याचा अनुभव आमच्या गटातील जवळजवळ प्रत्येकाने एकदा घेतलेला आहे, आणि त्यात गुडघ्यापेक्षा अब्रूलाच जास्त खरचटते. डावा पाय जमिनीवर टेकवावा आणि उजवे पायडल घड्याळातील दोनच्या काट्याच्या जागी आणून ठेवावे, म्हणजे पहिल्याच दाबाला सायकल सरळ सुटते.

उभे राहण्याची जागा ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. सवयीने आपण डाव्या कडेला, गटाराच्या जाळीपाशी अंग चोरून उभे राहतो, आणि सरळ जायचे असेल तर तीच जागा सर्वांत धोक्याची ठरते. नवी मुंबईतील कित्येक चौकांत डावीकडे वळणाऱ्यांसाठी त्रिकोणी बेटामागून वेगळी वाट काढलेली आहे, आणि जेथे तशी वाट नाही तेथेही अनेक चालक डावे वळण ‘फ्री’ असल्याचे गृहीत धरून चालतात. कडेला उभा असलेला सायकलस्वार सरळ निघतो आणि त्याच क्षणी शेजारची मोटार त्याच्यावरून डावीकडे वळते. त्यामुळे सरळ जायचे असल्यास डावे वळण सोडून, सरळ जाणाऱ्या डाव्या लेनमध्ये, पहिल्या मोटारीच्या पुढे, तिच्या चालकाला आपण दिसू असे उभे राहावे. थांबरेषा मात्र ओलांडू नये. झेब्रा पट्टे पायी चालणाऱ्यांचे आहेत आणि सीवूड्सला सकाळी रस्ता ओलांडणाऱ्या आजी-आजोबांच्या वाटेत आपले पुढचे चाक घुसवून ठेवणे हा सुद्धा नियमभंगच आहे.

रेषेपाशी आधीच बस, डंपर किंवा न्हावा शेवा बंदराकडे निघालेला कंटेनर ट्रेलर उभा असेल तर त्याच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नये. उंच केबिनमधील चालकाला डाव्या दाराखालची जागा जवळजवळ दिसत नाही. शिवाय लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आत, कडेच्या बाजूला कापत येतात, आणि आपण उभे असतो ती जागा बघता बघता नाहीशी होते. अशा गाडीच्या मागे, मोटारीने उभे राहावे तसे, लेनच्या मध्यावर उभे राहावे आणि ती पूर्ण निघाल्यावर निघावे. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजाराजवळ आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर हा एक नियम जरी पाळला तरी पुष्कळ झाले.

थांबलेल्या रांगेतून वाट काढत पुढे जावे की नाही, याचे उत्तर आकडा देतो. तीसहून अधिक सेकंद उरले असतील आणि पुढे उभे राहायला जागा दिसत असेल तर सावकाश पुढे जाण्यास हरकत नाही. एरवी रांगेत थांबणे बरे. अर्ध्या वाटेत असताना सिग्नल सुटला तर दोन मोटारींच्या मध्ये सापडण्याची वेळ येते.

सिग्नल सुटताना

आपल्याकडे आकडा तीनवर आला की मोटारसायकली हलू लागतात, आणि आडव्या बाजूचे काही महाभाग पिवळा संपल्यावरही वेग वाढवून निसटण्याच्या बेतात असतात. हे दोघे चौकात भेटतात तेव्हा मध्ये सायकल नसावी. हिरवा लागल्यावर आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहून, मनात दोन मोजून मग पायडल दाबावे. निघाल्यावर पहिले दहा मीटर रेषेत सरळ चालवावे. जोर लावण्यासाठी उभे राहून सायकल डावी-उजवी हलवणे टाळावे.

चौकात वाहतूक हवालदार उभा असल्यास त्याचा हात दिव्यापेक्षा वरचढ असतो. हिरवा असूनही त्याने थांबवले तर थांबावे आणि लाल असताना पुढे बोलावले तर निघावे. रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत काही सिग्नल मिचमिचत्या पिवळ्यावर ठेवलेले असतात. पहाटेच्या सायकलस्वाराला बहुधा तेच भेटतात. मिचमिचता पिवळा म्हणजे वेग कमी करून, दोन्ही बाजू पाहून जाणे. मिचमिचता लाल असेल तर पूर्ण थांबून, मग पाहून जाणे. दिवेच बंद असतील तर मी पाय टेकवून थांबतो, कारण अशा चौकात प्रत्येक जण आपल्यालाच हिरवा आहे असे समजून येत असतो.

उजवीकडे वळणे

पाम बीचसारख्या तीन-तीन लेनच्या रस्त्यावर डाव्या कडेपासून उजव्या लेनपर्यंत सरकत जाऊन वळणे हे सरावलेल्या सायकलस्वारालाही टाळता आले तर टाळावे. त्याऐवजी दोन टप्प्यांत वळावे. वाशीहून येताना उजवीकडे, खाडीच्या बाजूला जायचे असेल तर हिरव्यावर डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात, झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे कोणाच्याही वाटेत न येता थांबावे, सायकल जागेवरच उजवीकडे तोंड करून वळवावी आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की त्या वाहनांबरोबर सरळ जावे. यात एक सिग्नल जास्त लागतो, म्हणजे साधारण दीड मिनिट. कोपऱ्यात थांबायला जागा नसेल तर उतरून, सायकल हातात धरून, पादचाऱ्यांच्या वेळेत झेब्रा पट्ट्यांवरून चालत जावे. उतरलेला सायकलस्वार पादचारी असतो, आणि यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वळण्यापूर्वी मान वळवून मागे पाहावे आणि मग हात दाखवावा. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. उजवीकडे जायचे तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ, डावीकडे जायचे तर डावा हात तसाच, आणि वेग कमी करायचा असल्यास उजवा हात तळवा खाली करून वर-खाली हलवावा. हात दाखवून झाला की वळणाआधी तो हँडलवर परत आणावा.

गोल चौकात आत फिरत असलेल्या, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते. खारघरच्या उत्सव चौकात हे पाळणारे थोडेच असले तरी सायकलस्वाराने पाळावे, कारण धक्का लागला तर पडणारा तोच असतो.

उलट्या दिशेने येणाऱ्यांविषयी

तुर्भे आणि महापे औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे अनेक कामगार काळ्या, उंच सायकलींवरून रस्त्याच्या कडेने उलट्या दिशेने येताना दिसतात. रंगीत जर्सी घातलेली मंडळी त्यांना नावे ठेवतात. मला ते पटत नाही. दुभाजक दूरवर तुटत नाही, पलीकडच्या बाजूला जाण्यासाठी मोठा वळसा पडतो आणि आठ तास उभ्याने काम केलेल्या माणसाने तो वळसा रोज घालावा असे आपण किती सहज म्हणतो! रस्ता आखणाऱ्यांचा यात मोठा दोष आहे. तरीही धोका खरा आहे. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीच्या दिशेनेच आपण ताशी १५ ने जात असलो तर दोघांच्या वेगातला फरक ३५ चा असतो; समोरासमोर आल्यास तो ६५ होतो. शिवाय सेक्टरच्या आतल्या रस्त्यावरून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा चालक फक्त उजवीकडे पाहत असतो, कारण वाहने तिकडूनच यायची असतात. डावीकडून आलेली सायकल त्याला धडकेनंतरच दिसते. वळसा खरोखर परवडत नसेल तर तेवढे अंतर पदपथावरून सायकल हातात धरून चालत काटावे.

गटाने जाणाऱ्यांना एकच सांगणे आहे. सिग्नल बदलला की गट तुटू द्यावा. पुढच्या आठ जणांनी हिरव्यावर चौक ओलांडला म्हणून मागच्या पाच जणांनी लाल दिव्यावर त्यांच्यामागे धावू नये. पुढच्यांनी चौकापासून पन्नास-साठ मीटर पुढे, रस्त्याच्या कडेला थांबून वाट पाहावी, आणि थांबताना पहिल्याने हात वर करून "थांबतोय!" असे मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावे. दोघादोघांनी गप्पा मारत जाण्याची हौस आतल्या रस्त्यांवर भागवावी. पाम बीचवर एकामागे एक.

काही रस्त्यांवर सायकल नेताच येत नाही, आणि तेथे सिग्नलचा प्रश्नच उद्भवत नाही. कळंबोलीपासून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू या दोन्हींवर दुचाकींनाच बंदी आहे, मग सायकलचे काय. शीव-पनवेल महामार्गावर उड्डाणपूल टाळून खालच्या रस्त्याने जावे. पुलाच्या तोंडाशी, जेथे वाहने वर आणि खाली अशी विभागली जातात, तेथे सायकलला धड कोणतीच बाजू मिळत नाही.

विजेवर चालणाऱ्या सायकलींबाबतही विचारणा होते. मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर केंद्रीय नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. दुकानदाराने वेगमर्यादा ‘उघडून’ दिलेली सायकल मात्र ही सवलत गमावते.

शेवटी एक गृहपाठ. आपल्या रोजच्या वाटेवरचा जो चौक सर्वांत त्रासदायक वाटतो, तेथे एखाद्या रविवारी सायकल न घेता, हातात घड्याळ घेऊन पंधरा मिनिटे उभे राहावे. कोणती बाजू आधी सुटते, तिच्यानंतर कोणती, उजव्या वळणाचा बाण वेगळा लागतो का, पादचाऱ्यांना किती सेकंद मिळतात आणि पिवळ्यानंतर नेमकी कोणत्या बाजूची वाहने घुसतात, हे कागदावर लिहून काढावे. किल्ले गावठाणाच्या चौकासाठी मी केलेली अशी चिठ्ठी अजून माझ्या सॅडलखालच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाबरोबर ठेवलेली आहे, आणि सिग्नलच्या वेळा बदलल्याचे लक्षात आले की ती नव्याने लिहितो.